ट्रामनं पाठवलेला डबा

हँबुर्गची सकाळ आठवायची म्हटली की मला ती आधी ऐकू येते, दिसते नंतर. हिवाळ्यात धुक्यानं समोरचं काही दिसायचंच नाही. थांब्यावर आम्ही माणसं गळ्यापर्यंत बटणं लावून उभी. कुणी कुणाशी बोलत नसे. मग रूळ बारीक गुणगुणायला लागायचे. धुक्यात एक पिवळा दिवा उमलायचा, त्याच्यामागं काच, काचेमागं ड्रायव्हरची टोपी, आणि अशी तुकड्यातुकड्यानं ट्राम तयार व्हायची. वरच्या तारेवर निळी ठिणगी उडाली की सगळ्यांचे चेहरे घटकाभर निळे होत. मला वाटायचं, ही गाडी कुठून येत नाही. रोज सकाळी ती इथंच, आमच्या डोळ्यांपुढं, धुक्यातनं घडवतात.

गाव माझं उस्मानाबाद जिल्ह्यातलं, सास्तूरच्या बाजूचं. जिल्ह्याला आम्ही धाराशिवच म्हणायचो. शाळेत घातलं तेव्हा निजामाचं राज्य होतं, पहिल्या यत्ता उर्दूत झाल्या. पुढं राज्य गेलं, शाळा मराठीत आली आणि मी मधल्यामधे अडकलो. एक लिपी सुटली, दुसरी हाताला बसेना. नवे गुरुजी चांगले होते, पण मीच एक दिवस शाळेची वाट सोडून सोलापूरच्या वाटेला लागलो. तिथं लॉरी दुरुस्तीच्या कामाला राहिलो, तिथून पुण्यात इंजिनं बनवणाऱ्या कारखान्यात गेलो. महाराष्ट्र झाला त्याच्या आसपास त्या कारखान्याचं एका जर्मन कंपनीशी जुळलं, आणि नवी यंत्रं शिकून यायला दोघांना हँबुर्गला पाठवायचं ठरलं. एक शिकलेला, एक हातानं काम करणारा. हातानं काम करणारा म्हणून साहेबांनी माझ्याकडं बोट केलं. का केलं ते मला आजही माहीत नाही. त्या बोटाचे उपकार मी विसरलेलो नाही. पण तिथं असताना रोज धाकधूक असायची, की साहेब एक दिवस म्हणतील, चुकलं माझं, मी शेजारच्याला दाखवत होतो.

शिकलेला माणूस म्हणजे दादा. ते तुळजापूरचे, घरात पिढ्यान्‌पिढ्या भिक्षुकी आणि मास्तरकी. माझ्याहून बरेच मोठे. इंग्रजी येत होतं, जर्मन त्यांनी पुण्यातच वर्गाला जाऊन शिकून घेतली होती. मी त्यांना दादा म्हणायचो, ते मला लेका म्हणायचे. फोरमन बोलला की दादा मला मराठीत सांगत. मी मान हलवली की दादा ती मान त्याला जर्मनमध्ये सांगत. अशी माझी गाडी चालली होती.

वसतिगृहात एका खोलीत आम्ही दोघं. स्वयंपाक माझ्याकडं. तिथं तपकिरी मसूर मिळे, तांदूळ मिळे, आणि आईनं पत्र्याच्या डब्यात ठासून भरून दिलेला येसर माझ्याजवळ होता. आमच्याकडं धान्यं, डाळी, मसाले भाजून दळून ठेवतात, त्याला येसर म्हणतात. तो पाण्यात कालवून उकळला की आमटी होते. दादा मांसमच्छीला शिवत नव्हते, पण माझ्या हातची येसर आमटी मागून मागून घेत. तुळजापुरात असतो तर माझ्या हातचं पाणी तरी घेतलं असतं का, हे मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

शहर मला दादांच्या पाठीइतकंच माहीत होतं. ते पुढं, मी मागं. थांब्यावर काचेखाली सगळ्या गाड्यांचा नकाशा लावलेला असायचा. ट्रामच्या रेघा, जमिनीखालनं जाणाऱ्या गाडीच्या रेघा, तीच गाडी जिथं वर येऊन खांबांवरनं धावते त्या रेघा, मोठ्या रेल्वेच्या, आणि नदीतल्या बोटींच्या तुटक तुटक. मला तो नकाशा आईच्या वाकळेच्या उलट्या बाजूसारखा दिसायचा. सुलट बाजूला ठिगळं कशी नीट बसलेली असतात. उलटी बाजू म्हणजे नुसते धागे, कुठला कुठं गेला ते शिवणारणीला माहीत. मी त्यातला एकच धागा धरून होतो. वसतिगृह ते कारखाना, कारखाना ते वसतिगृह. रेल्वे म्हणून त्याआधी मी लहानपणी जवळनं पाहिली होती ती ढोकीच्या टेसनातली छोटी गाडी. तिला येताना पाहून लोक विडी पेटवायचे, विडी संपली तरी ती येतच असायची.

मग दादांचं पोट दुखायला लागलं. दोन दिवस त्यांनी ते ओवा खाऊन काढलं, तिसऱ्या दिवशी कारखान्यातच खाली बसले. अपेंडिक्स फुटलं होतं. ऑपरेशन झालं, जीव वाचला. पण त्यानंतर त्यांनी खाणं सोडलं. दवाखान्यातलं सूप हाडांचं, बटाट्यावर ओतलेला रस्साही मांसाचा. पहिले दिवस ते नको म्हणत, नंतर तेही म्हणेनासे झाले. भिंतीकडं तोंड करून पडत. पहिल्या रविवारी कंपनीतला एक कारकून मला भेटायला घेऊन गेला, तेव्हा दादांची बोटं चादरीवर अशी पडली होती, जणू दुसऱ्या कुणाची तिथं विसरून राहिली आहेत. मी म्हटलं, दादा, काहीतरी खावा. ते म्हणाले, वास येतो रे सगळ्याला. एवढंच.

परत येताना कारकुनानं मला सोप्या सोप्या शब्दांत आणि हातांनी समजावलं. डॉक्टर काळजीत आहेत. आणखी आठवडाभर पाहतील. खाल्लं नाही, अंगात ताकद आली नाही, तर बोटीनं घरी. आधी मला वाटलं, दादा गेले की माझं कसं होणार. माझे कान तेच, तोंडही तेच. मग ट्रामच्या काचेत माझाच चेहरा पाहिला आणि वाटलं, बोटीपर्यंत तरी माणूस टिकतो का. त्यानंतर माझी भीती एवढी एकच राहिली.

भेटीची वेळ बुधवारी आणि रविवारी दुपारी. बुधवारी दुपारी मी कामावर. दवाखाना शहराच्या पार दुसऱ्या अंगाला, मधे दोनदा गाडी बदलायची. काय करावं ते सुचेना. बुधवारी पहाटे उठून मी येसर आमटी केली, घट्टसर, भातात कालवून बसेल अशी, आणि डब्यात भरून फडक्यात बांधली. बांधताना हातांनी आपोआप वर मूठ धरता येईल अशी गाठ मारली, आणि त्या गाठीनंच मला वाट दाखवली असं वाटलं.

ती गाठ एस.टी.ची. माझा थोरला भाऊ उमरग्याला शिकायला होता. आई पहाटे भाकरी थापायची, मी डबा घेऊन फाट्यावर पळायचो. लाल गाडी दिसली की हात करायचा. ड्रायव्हर खिडकीतनं हात बाहेर काढून डबा घ्यायचा आणि आपल्या मागच्या खुंटीला अडकवायचा. कुणाचा, कुठं, हे सांगावं लागत नसे. खुंटीला पाच-सहा गावांची फडकी लटकत असत. उमरग्याच्या स्टँडवर पोरं उभी असायची, आपापलं फडकं ओळखून घ्यायची. संध्याकाळच्या गाडीनं रिकामा डबा परत. गाडी माणसांसाठी आहे की डब्यांसाठी, असा प्रश्न आमच्याकडं कुणाला पडला नव्हता.

हँबुर्गच्या ट्राममध्ये मागच्या दारानं चढायचं. दाराशीच लहानशा कठड्यात कंडक्टर बसलेली असायची. तिच्यापुढनं सरकत पुढं जायचं आणि पुढच्या दारानं उतरायचं. आमच्या सकाळच्या गाडीवर एक पन्नाशीची बाई असे. जाड भिंगांचा चष्मा, डोक्यावर टोपी, छातीवर सुटे पैसे पाडायचं यंत्र. रोज बघून बघून ती मला ओळखीची झाली होती. मनात मी तिला मावशी म्हणायचो. त्या दिवशी मी डबा तिच्या कठड्यावर ठेवला. दवाखान्याचं आणि दादांचं नाव चिठ्ठीवर, चित्र काढावं तसं, उतरवून आणलं होतं, ते समोर धरलं. मला येत होते तेवढे शब्द बोललो: मित्र, आजारी, खाणं, कृपा करून. ती काहीतरी म्हणाली. मी मान हलवली. मागची माणसं रेटत होती, त्यांनी मला पुढं नेलं.

कारखान्याच्या थांब्यावर उतरून मागं पाहिलं तर मावशी उठून उभी होती. डबा हातात उंच धरून काचेतनं मला ओरडून काहीतरी सांगत होती. मला वाटलं, विचारतेय, हाच ना? फाट्यावर करायचो तसा मी हात केला. व्हय, हाच, न्या. ट्राम धुक्यात विरघळली. आधी मावशी गेली, मग काच, शेवटी तो दिवा.

रूळ वाजायचे थांबले तेव्हा मला कळलं. ही ट्राम दवाखान्याकडं जातच नाही.

तो दिवस मी यंत्रापुढं उभ्या उभ्या काढला, पण तिथं नव्हतोच. माझा डबा शहरभर फिरत होता आणि मी त्याच्या मागं मागं. आत्ता तो ट्राममधनं उतरला. आत्ता जिन्यावरनं खाली, जमिनीखालच्या गाडीत, सगळे पेपर वाचताहेत आणि मधे सीटवर माझं फडकं एकटं बसलंय. आत्ता गाडी अंधारातनं वर आली, खांबांवर चढली, खाली पाणी, पाण्यावर बोटी, बोटींचे भोंगे. कुणी तरी त्याला दुसऱ्या गाडीत ठेवतंय. त्या वाकळेतल्या सगळ्या धाग्यांवरनं तो डबा सरकत होता, आणि मला त्याचं टोक काही सापडत नव्हतं. फोरमननं खांद्यावर हात ठेवला तेव्हा मी दचकलो. तो रागावला नाही. त्यानं मला बाकावर बसवलं आणि कॉफी आणून दिली.

दुसऱ्या दिवशी मावशी ट्रामवर नव्हती. तिच्या जागी एक तरुण होता. त्याच्या पुढच्या दिवशीही तोच. सरकारी माणसाच्या हातात अन्नाचं गाठोडं दिलं, हा इथं गुन्हा असला तर? तिची नोकरी गेली असली तर? दादांची काळजी होती ती होतीच, त्यात आता ही भर पडली. रविवार आला तेव्हा मी ठरवलं, कारकुनाची वाट पाहायची नाही. हरवलो तर हरवलो.

चिठ्ठी पुन्हा लिहिली आणि निघालो. ट्राममध्ये ती एका म्हाताऱ्याला दाखवली. त्यानं मला कोटाच्या बाहीला धरून योग्य थांब्यावर उतरवलं आणि जिन्याकडं बोट केलं. जिन्याखाली एका बाईला दाखवली. तिनं मला फलाटावर दोन खांबांमधे उभं केलं, आणि गाडी आल्यावर आत बसलेल्या एका पोरीला माझ्याबद्दल काहीतरी सांगितलं. त्या पोरीनं पुढं दुसऱ्या ट्रामपाशी आणून सोडलं. बोललं कुणीच फारसं नाही. मला हातोहात पुढं दिलं जात होतं, आणि बाहेर बर्फ भुरभुरत होतं, छपरांवर, पुलांवर, रुळांवर. भीती कुठं उतरून गेली ते कळलंही नाही. दवाखान्याचं फाटक दिसलं तेव्हा मला जागं झाल्यासारखं वाटलं.

दादा उशीला टेकून बसले होते. बसलेले. तोंड दाराकडं होतं. मला पाहून म्हणाले, "या, डबेवाले."

मी तिथंच उभा राहिलो. म्हटलं, पोचला?

"पोचला? लेका, अरे वरात घेऊन आली ती," दादा म्हणाले. बोलताना टाके ओढत होते म्हणून पोटावर हात धरला होता. मग त्यांनी सांगितलं ते असं. बुधवारी भेटीची वेळ संपत आली असताना दारात टोपीवाली बाई. पूर्ण गणवेश. दादांना वाटलं, आजारी पडायच्या आधी कधी तिकीट काढायचं राहिलं असेल, तर ही वसुलीला थेट दवाखान्यात आली. तिनं चिठ्ठीवरचं नाव वाचलं, दादांकडं पाहिलं, डबा टेबलावर ठेवला. सकाळची पाळी संपवून, दोन गाड्या बदलून ती आली होती. दादांनी आभार मानले. ती हलेना. दादांनी पुन्हा आभार मानले. तरी हलेना. शेवटी तिनं डब्याकडं बोट करून सांगितलं, खा, डबा मला परत न्यायचा आहे.

"मी म्हटलं, बाई, मला भूक नाही. नंतर खातो. तर मनगटावरचं घड्याळ दाखवते. म्हणते, तुमच्या मित्रानं डबा माझ्या ताब्यात दिलाय, तो मी इथं सोडून जाऊ शकत नाही. उद्यापासून माझी पाळी दुसऱ्या मार्गावर आहे, सोमवारी पुन्हा त्याच्या गाडीवर. तेव्हा त्याला काय देऊ?"

"मग?"

"मग काय. सिस्टरनं डबा खोली गरम ठेवणाऱ्या वाफेच्या नळ्यांवर ठेवून गरम केला. झाकण उघडलं आणि..." दादा खिडकीबाहेर पाहत राहिले. बाहेर झाडांवर बर्फ होतं. "लेका, तुझ्या आईनं त्यात तीळ भाजून घातलेत ना?"

म्हटलं, व्हय, घालते ती.

"मी खाल्लं. ती समोर उभी, हातात टोपी धरून, जशी परीक्षेला बसवलंय मला. अर्धा झाला तेव्हा मी चमचा ठेवला, तर तिनं चष्मा वर केला. मग सगळा संपवला. शेवटी तिनं डबा तिरका करून आत पाहिलं, झाकण लावलं, आणि नीट फडक्यात बांधून गेली. त्या दिवसापासून सिस्टर मला उकडलेले बटाटे वेगळे आणून देतात, दुधातला भात देतात. त्या बाईनंच जाता जाता त्यांना झापलं असणार. आता गपचूप खातो बाबा. न खाऊन सांगतो कुणाला, पुन्हा ट्राम यायची."

दादा हसायला लागले आणि लगेच पोट धरून आई गं म्हणाले. मी त्यांचे पाय चेपत बसलो. त्यांनी पाय मागं घेतले नाहीत.

सोमवारी मावशी कठड्यात होती. तिनं खालून डबा काढून माझ्या हातात दिला, घासून लख्ख केलेला, फडकंही धुतलेलं आणि इस्त्री केलेलं. मग मला समजावं म्हणून एकेक शब्द तोडून, साऱ्या ट्रामला ऐकू जाईल अशा आवाजात बोलली. ट्राम माणसांसाठी आहे. डब्यांसाठी नाही. पुन्हा नाही. समजलं? मी म्हटलं, समजलं. माझ्यामागं दोघं-तिघं हसले. तिनं चष्म्यावरनं त्यांच्याकडं पाहिलं तसे ते गप्प झाले. मग माझ्याकडं वाकून, आता हळू आवाजात, तिनं विचारलं, तो खातो का? दादा जवळ नव्हते. मीच सांगितलं, जमेल तसं, खातो, बटाटे खातो, भात खातो. ती म्हणाली, चांगलं. आणि मागच्या माणसाचे पैसे घ्यायला लागली.

त्यानंतर बुधवारी फोरमन मला दुपारीच सोडायचा. कसं, काय, मी विचारलं नाही, आभार मात्र रोज मानत होतो. डबा मी स्वतः न्यायला लागलो. दादांच्या गालांवर हळूहळू रंग आला. डॉक्टरांनी सांगितलं, बोटीची गरज नाही, थोडी विश्रांती घ्यावी आणि मग हलक्या कामावर जावं. आठवडा कधीच उलटून गेला होता, पण बोटीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

त्यांना घरी आणायचा दिवस रविवारचा होता. कंपनी मोटार देत होती, दादाच नको म्हणाले. मोटारीचे हिसके पोटाला लागतात, आणि इतके दिवस छत बघून काढलेत, जरा शहर बघू दे. ट्रामनं येऊन आम्ही वरच्या गाडीत बसलो. त्या शहरात एक गाडी अशी आहे, की तिचा मार्ग गोल आहे. कुठं जमिनीखालनं, कुठं खांबांवरनं ती शहराभोवती फिरते आणि निघाली तिथं परत येते. मी दादांना खिडकीशी बसवलं. त्या दुपारी इतक्या दिवसांनी ऊन पडलं होतं, पातळ, ताकासारखं. गाडी बंदरावरनं गेली तेव्हा खाली बोटींवर बर्फ वितळत होतं आणि सगळ्या बंदरातनं वाफ निघत होती. दादा म्हणाले, आपल्याकडं आता ज्वारी हुरड्यात आली असेल. म्हटलं, आली असेल. मग त्यांचं डोकं माझ्या खांद्याला टेकलं. ते झोपले.

आमचं स्टेशन आलं. दारं उघडली. मी अर्धा उठलो, आणि त्यांचा श्वास ऐकला. संथ, भरलेला, इतक्या आठवड्यांत असा ऐकला नव्हता. मी पुन्हा खाली बसलो. दारं मिटली. आमच्याकडं स्टँडवरनं गाडी चुकली तर मुक्काम पडायचा. इथं गाडी फिरून त्याच जागी येणार होती. घरांच्या गच्च्या गेल्या, वाळत घातलेले कपडे गेले, एका खिडकीत मांजर होतं ते गेलं, पुन्हा बोगदा, पुन्हा ऊन, पुन्हा बंदर. समोरचे प्रवासी बदलत राहिले. आमचं स्टेशन पुन्हा आलं आणि पुन्हा गेलं.

बोगद्यात गाडीचा आवाज बदलला तसे दादा जरा हलले. डोळे न उघडता म्हणाले, "आलं का रं?"

"न्हाय अजून," मी म्हटलं. "झोपा तुम्ही."